तिसऱ्यांचा अर्क, पेशींची ताटली आणि कॅन्सरचं औषध

खाडीकाठची

गेल्या आठवड्यात गावी होते. सकाळी नेहमीची मासेवाली दारात आली, पाटी उतरवली आणि तिसऱ्यांचे वाटे लावता लावता म्हणाली, "बाय, तिसऱ्यांच्या रश्श्यान कॅन्सर बरो होता म्हणतत, खरा काय गो?" तिच्या मुलाने तिला फोनवर एक मेसेज वाचून दाखवला होता. शास्त्रज्ञांनी शिंपल्यांच्या अर्काने प्रयोगशाळेत कॅन्सरच्या पेशी मारल्या, असा.

मला तिला तिथल्या तिथे नीट उत्तर देता आलं नाही. खरं तर मला यायला हवं होतं, कारण एम.एस्सी.ला मी हेच काम केलं आहे. म्हणून इथे सविस्तर लिहिते.

मेसेजमधलं वाक्य खोटं नाही, आधी हे सांगते. शिंपल्यांच्या अर्काने ताटलीतल्या पेशी मरतात. १९६४ सालीच 'सायन्स' या नियतकालिकात अमेरिकेच्या किनाऱ्यावरच्या एका तिसरीच्या जातीच्या अर्कावर निबंध आला होता. मर्सेनारिया ही ती जात, म्हणून त्या अर्काला मर्सेनिन म्हणत. आज साठ वर्षं होऊन गेली. मर्सेनिन नावाचं औषध कुठल्याही दुकानात मिळत नाही. ताटली आणि औषध यांच्या मध्ये काय काय असतं, ते सांगायचं आहे.

आमची पद्धत अशी होती. ओहोटीला खाडीत उतरायचं, तिसऱ्या आणायच्या, एक रात्र स्वच्छ खाऱ्या पाण्यात ठेवायच्या म्हणजे पोटातली रेव निघून जाते (घरीही आपण हेच करतो). मग मांस काढून, गोठवून सुकवायचं, पूड करायची, ती मिथेनॉलमध्ये भिजवायची, गाळायची आणि मिथेनॉल उडवून द्यायचं. शेवटी काचेच्या गोल चंबूच्या तळाला काकवीसारखा तपकिरी चिकट थर उरतो. त्याला ओहोटीच्या चिखलाचा वास येतो. एक किलो मांसातून तो किती निघाला हे वहीत लिहिताना जीव तुटायचा, इतका थोडा.

पेशी वाढवायच्या त्या ९६ खळग्यांच्या प्लास्टिकच्या ताटलीत. प्रत्येक खळगा मसूर मावेल एवढा. ३७ अंश तापमान, पाच टक्के कार्बन डायऑक्साइड. एक दिवस पेशींना चिकटू द्यायचं, मग वेगवेगळ्या प्रमाणात अर्क घालायचा, दोन दिवस थांबायचं. शेवटी एमटीटी हा पिवळा रंग घालायचा. जिवंत पेशी त्या पिवळ्याचे जांभळे स्फटिक बनवतात, मेलेल्या बनवत नाहीत. स्फटिक विरघळवून जांभळेपणा मोजायचा. जांभळा जितका गडद तितक्या पेशी जिवंत.

माझ्या पहिल्या ताटलीत अर्काच्या सगळ्या रांगा पिवळ्याच राहिल्या. एकही जांभळा खळगा नाही! रात्री अकरा वाजता मी सरांना फोन केला. रडायलाच आलं होतं आनंदाने. सरांनी सगळं ऐकून घेतलं आणि एवढंच विचारलं, "मीठ काढलंस का?"

काढलं नव्हतं. दुसऱ्या दिवशी त्यांनी मला खाडीचं नुसतं पाणी आटवायला लावलं. जो क्षार उरला तो अर्काच्याच मापाने पेशींना दिला, एका मिलिलिटरला पाच मिलिग्रॅम. त्याही पेशी मेल्या. तिसरी नाही, मिथेनॉल नाही, काही नाही. नुसतं मीठ. बाहेर मीठ वाढलं की पेशीतलं पाणी बाहेर ओढलं जातं आणि पेशी आक्रसते, लोणच्यातल्या फोडीसारखी.

पुढचे चार महिने अर्कातलं मीठ काढण्यात गेले. मीठ काढलेला अर्क एका मिलिलिटरला ५०० मायक्रोग्रॅम दिला तरी निम्म्याहून जास्त पेशी मजेत जगत होत्या. प्रबंधात मी तेच लिहिलं.

सांगायचं हे, की "पेशी मेल्या" एवढ्याने काहीच कळत नाही. पेशी ब्लीचनेही मरतात. कशाने मेल्या, किती थोड्या प्रमाणात मेल्या, आणि शेजारच्या निरोगी पेशींचं काय झालं, हे प्रश्न तिथून पुढे सुरू होतात.

---

माडाचीसावली

फार छान लिहिलंय ताई. तुमची पिवळी ताटली डोळ्यांपुढे उभी राहिली. एक प्रश्न: अर्क "थोड्या प्रमाणात" चालला म्हणजे किती? काही आकडा ठरलेला असतो का?

---

खाडीकाठची

असतो. खारघरला टाटा मेमोरियलचं अॅक्ट्रेक हे संशोधन केंद्र आहे. तिथे बाहेरच्या संशोधकांचे नमुनेही कॅन्सर पेशींवर तपासून मिळतात. तिथली पद्धत एमटीटीपेक्षा वेगळी आहे, एसआरबी म्हणतात तिला. त्यात गुलाबी रंग पेशींमधल्या प्रथिनांना चिकटतो. पेशींची वाढ निम्म्यावर यायला किती प्रमाण लागलं, हा त्यातला मुख्य आकडा. अर्क असेल तर एका मिलिलिटरला २० मायक्रोग्रॅम किंवा त्याहून कमी लागलं तरच तो परिणामकारक मानतात. वेगळं केलेलं शुद्ध संयुग असेल तर १० किंवा कमी. प्रत्येक ताटलीत अॅड्रियामायसिन हे माहितीतलं औषधही शेजारी लावतात, तुलनेला.

आता माझे ५०० आठवा. निकाल लागला!

आणि तुम्हाला जे मेसेज येतात त्यातले बरेच निबंध २००, ३००, कधी हजार मायक्रोग्रॅमवर पेशी मेल्याचे असतात. एवढं रक्तात पोचवायचं तर माणसाने काय टोपलीभर अर्क प्यायचा?

---

सुकतीवरचा

आमच्याकडे कालवं काढणाऱ्या बायका म्हणतात शिंपल्याला कधी रोग नाही, कॅन्सर तर नाहीच, म्हणून तो खाल्ला की आपल्यालाही होत नाही. माझी आजी पण म्हणायची. यात काही तथ्य?

---

प्रयोगवही

दादा, शिंपल्यांना कॅन्सर होतो. आणि साधासुधा नाही. उत्तर अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावर माया अरेनारिया नावाची मऊ कवचाची शिंपली आहे. तिला रक्ताच्या कॅन्सरसारखा आजार होतो हे अनेक वर्षं माहीत होतं. २०१५ साली उघड झालं की तो एका शिंपलीतून दुसरीत लागतो. विषाणूमुळे नाही, प्रत्यक्ष कॅन्सरची पेशीच पाण्यातून एकीकडून दुसरीकडे जाते. वेगवेगळ्या ठिकाणच्या शिंपल्यांमधल्या कॅन्सरच्या पेशी जनुकांनी एकसारख्या निघाल्या आणि ज्या शिंपलीत त्या राहत होत्या तिच्याशी मात्र जुळेनात. नंतर इतर काही शिंपल्यांमध्येही असंच सापडलं. माणसाला यापासून काही धोका नाही.

आता मूळ विषय. मी औषधनिर्माणशास्त्र शिकवतो, त्यामुळे धाग्यात थोडी भर घालतो. ताईंनी अपयशाची गोष्ट सांगितली, मी यशाची सांगतो. तीही सरळ नाही.

शिंपल्यांच्याच मृदुकाय कुळात समुद्री ससा नावाचा गोगलगायीसारखा प्राणी आहे, डोलाबेला ऑरिक्युलारिया. कवच आहे, पण आत दडलेलं आणि पातळ. अॅरिझोना स्टेट विद्यापीठाच्या जॉर्ज पेटिट यांनी १९७० च्या दशकात हिंदी महासागरातून, मॉरिशसजवळून तो आणला. त्याच्या अर्काने उंदरांमधला रक्ताचा कॅन्सर आटोक्यात येत होता. पण त्यातलं नेमकं संयुग इतकं कमी, की प्राणी टनाच्या हिशोबात गोळा करावे लागले आणि हाती लागलं ते मिलिग्रॅममध्ये. रचना प्रसिद्ध व्हायला १९८७ उजाडलं. नाव डोलास्टॅटिन १०.

ते पेशीतल्या ट्युब्युलिन या प्रथिनाला धरतं. पेशी दुभंगताना ज्या दोऱ्यांनी गुणसूत्रं दोन्हीकडे ओढली जातात त्या दोऱ्या ट्युब्युलिनच्या. डोलास्टॅटिनने त्या विणल्याच जात नाहीत. ताटलीत अगदी नगण्य प्रमाणात पेशी मरायच्या. सगळ्यांना वाटलं, सापडलं! मग माणसांवर चाचण्या झाल्या आणि रुग्णांना सोसेल एवढ्या मात्रेत गाठी पुरेशा कमी होईनात. पांढऱ्या पेशी घटायच्या, हातापायांच्या नसा दुखावायच्या. डोलास्टॅटिन १० तिथेच थांबलं.

पण रसायनशास्त्रज्ञांनी त्याच सांगाड्यावरून एमएमएई नावाचं कृत्रिम रेणू बनवलं आणि ते एका प्रतिपिंडाला बांधलं. हे प्रतिपिंड हॉजकिन लिम्फोमा या कॅन्सरच्या पेशींवर असणारी सीडी३० ही खूण ओळखतं, जाऊन चिकटतं, पेशी ते आत घेते आणि विष आत गेल्यावर सुटतं. ब्रेन्टुक्सिमॅब व्हेडोटिन. ऑगस्ट २०११ मध्ये अमेरिकेत मान्यता मिळाली. आज भारतातही कॅन्सरतज्ज्ञ ते देतात. नावात 'व्हेडोटिन' दिसलं की समजावं, मागे कुठेतरी तो समुद्री ससा आहे. मूत्राशयाच्या आणि गर्भाशयमुखाच्या कॅन्सरसाठीही या घराण्यातली औषधं आली आहेत.

आता मला सगळ्यात जास्त भावलेला भाग. २००१ साली कळलं की डोलास्टॅटिन १० समुद्री ससा बनवतच नाही. पलाऊ बेटांजवळ मिळालेल्या एका सायनोबॅक्टेरियात, म्हणजे आपण ज्याला निळं-हिरवं शेवाळ म्हणतो त्यात, ते थेट सापडलं. ससा ते खातो आणि अंगात साठवतो.

दुसरं उदाहरण हवाईचं. एलिसिया नावाची गोगलगाय, तिच्यातलं कहालालाइड एफ. हेही कॅन्सरच्या रुग्णांवर तपासलं गेलं, औषध झालं नाही. गोगलगाय ब्रायोप्सिस हे शेवाळ खाते, म्हणून सगळे म्हणायचे शेवाळ बनवत असेल. २०१९ मध्ये कळलं, शेवाळाच्या आत राहणारा एक जिवाणू ते बनवतो. शेवाळ त्याच्या जोरावर माशांपासून वाचतं, गोगलगाय शेवाळाच्या जोरावर.

खऱ्या अर्थाने तिसरीच्या जातकुळीतलं उदाहरण म्हणजे स्पिसुलोसिन. थंड समुद्रातल्या स्पिसुला या शिंपलीतून काढलेलं. त्याने पेशीचा आतला सांगाडा कोसळायचा, पेशी आकार सोडून गोल व्हायची. युरोपात रुग्णांवर पहिल्या टप्प्याच्या चाचण्याही झाल्या. यकृतावर आणि मज्जासंस्थेवर परिणाम दिसले, काम थांबलं. ती शिंपली मात्र जपानी सुशीत लोक आवडीने खातात आणि त्यांना काही होत नाही. शिंपली खाणं आणि तिच्यातलं एक संयुग शुद्ध करून शिरेतून देणं यात जमीन-अस्मानाचा फरक आहे. बऱ्याबाबतीत आणि वाइटाबाबतीतही.

---

मांडवीपार

गोव्यातून लिहितोय. आपल्या माणसांचं काम कुणी सांगत नाही म्हणून सांगतो. दोनापावलाची राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था अनेक वर्षं या विषयात आहे. २००० साली तिथल्या सोलिमाबी वहिदुल्ला आणि सी. जी. नाईक यांनी इटलीतल्या शास्त्रज्ञांबरोबर जोरुना फ्युनेब्रिस या कवच नसलेल्या समुद्री गोगलगायीतून जोरुमायसिन वेगळं केलं. त्याची रचना ट्रॅबेक्टेडिन या कॅन्सरच्या औषधाच्या घराण्यातली आहे. ते औषध वेगळ्या समुद्री जीवातून आलं आणि २००७ मध्ये युरोपात मान्य झालं. जोरुमायसिन औषध झालेलं नाही, पण रसायनशास्त्रज्ञ अजून त्याच्यावरून नवे रेणू रचतात.

ही गोगलगाय पांढरी, अंगावर काळ्या ठिपक्यांची वर्तुळं. खडकाळ किनाऱ्यावर ओहोटीला बघितली आहे मी. कवच टाकून दिलेला प्राणी, मग जिवंत राहायचं तर अंगात विष हवंच. मला हा विचार फार सुंदर वाटतो.

---

जुईची_आई

हा धागा कालपासून तीनदा वाचला. लिहू की नको असं होत होतं.

माझ्या सासूबाईंना स्तनाचा कॅन्सर आहे, केमोचे तीन डोस झालेत. माझे चुलत दीर दर रविवारी कालवं घेऊन येतात, अर्धी कच्ची उकडून त्याचं पाणी प्यायला देतात. शिवाय कुठून तरी हिरव्या शिनाण्यांच्या (खडकावरच्या हिरव्या शिंपल्यांच्या) अर्काच्या गोळ्या आणल्यात. सासूबाईंना नको म्हणवत नाही, ते एवढ्या मायेने आणतात. डॉक्टरांना सांगितलेलं नाही. चालेल का हे?

---

रात्रपाळी

ताई, मी अठरा वर्षं कॅन्सर वॉर्डला परिचारिका आहे. हे वाचल्या वाचल्या लिहितेय.

अर्धी कच्ची कालवं आजच बंद करा. अगदी आजच. केमोमध्ये पांढऱ्या पेशी खाली येतात. कालवं आणि शिनाणे दिवसाला कित्येक लिटर पाणी गाळून जगतात, त्या पाण्यातले जिवाणू-विषाणू त्यांच्या अंगात साठतात. व्हिब्रिओ, कावीळ ए, जुलाबाचे विषाणू. तुम्हा-आम्हाला दोन दिवस पोट बिघडेल, त्यांना आयसीयूत न्यावं लागेल. ताप आला तर, १०० च्या वर गेला तर सकाळची वाट बघू नका, रात्रीच हॉस्पिटलला फोन करा.

पूर्ण शिजवलेलं मासे, अंडं, डाळ, पनीर हे सगळं खाऊ द्या. प्रथिनं लागतातच. शिंपल्यांचं काय करायचं ते त्यांच्या डॉक्टरांना विचारा, प्रत्येकाचे रिपोर्ट वेगळे असतात.

गोळ्यांची बाटली पुढच्या भेटीला पिशवीत घालून न्या आणि डॉक्टरांच्या टेबलावर ठेवा. ते रागावतील या भीतीने लोक लपवतात. माझ्या अनुभवात समजूतदार डॉक्टर रागावत नाहीत, त्यांना माहीत हवं असतं इतकंच.

दिरांना वाईट वाटू देऊ नका. त्यांना सांगा, काकूंना केमोच्या दिवशी तुम्ही गाडीने घेऊन या. माया दाखवायला त्यांना काहीतरी हातात हवंय.

---

जुईची_आई

तुमचे आभार कसे मानू. आज संध्याकाळीच बोलते त्यांच्याशी.

---

प्रयोगवही

त्या गोळ्यांबद्दल एक. कोचीच्या केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेने हिरव्या शिनाण्यांचा अर्क 'कडलमिन' नावाने आणला आहे, पण तो सांधेदुखीसाठी आहे. संस्थेने तो कॅन्सरवर म्हणून आणलेला नाही. बाजारात शिनाण्यांच्या नावाने इतरही बरंच काही मिळतं. सांध्यांचं औषध कॅन्सरच्या मेसेजमध्ये कसं शिरतं हे बघवत नाही.

---

वैद्यबुवा_वाई

धागा वाचनीय. आयुर्वेदात शंखभस्म, मुक्ताशुक्ती भस्म आहेतच. म्हणजे शिंपल्याचं औषधीपण आपल्याला माहीत होतं असं म्हणायला हरकत नाही ना?

---

खाडीकाठची

हरकत मुळीच नाही वैद्यबुवा. पण ती भस्मं कवचाची, प्रामुख्याने चुन्याच्या घराण्यातली, आणि वैद्य ती मुख्यतः अम्लपित्ताला देतात. आपण इथे बोलतोय ते मांसातल्या, ग्रंथींमधल्या संयुगांबद्दल. अम्लपित्तावरच्या अनुभवाचा दाखला कॅन्सरला लावता येणार नाही, एवढंच माझं म्हणणं.

---

वैद्यबुवा_वाई

मान्य. माझ्याकडे असे रुग्ण येतात तेव्हा मीही त्यांना आधी कॅन्सरतज्ज्ञाकडेच पाठवतो. हे इथे नोंदवलेलं बरं.

---

दुसरंवर्ष

मी रत्नागिरी जिल्ह्यात एम.एस्सी. करतेय आणि नेमका हाच प्रोजेक्ट मिळालाय, शिनाण्यांवर. खाडीकाठची ताई, मीठ तर आता विसरणार नाही. अजून काय सांभाळू?

---

खाडीकाठची

किती बरं वाटलं वाचून! जे मला ठेचा खाऊन कळलं ते सांगते.

शिनाणे बाजारातून आणू नकोस. कुठल्या खडकावरून, कोणत्या तारखेला, किती वाजताच्या ओहोटीला काढले ते लिही. एक-दोन नग कवचासकट अल्कोहोलमध्ये जपून ठेव आणि जाणकाराकडून जात नक्की करून घे. उद्या परिणाम दिसला आणि नेमकी कुठली जात होती हेच माहीत नसेल तर सगळं पाण्यात. पावसाळ्याआधी एकदा आणि नंतर एकदा काढ. वर प्रयोगवही सरांनी सांगितलं तसं संयुग मुळात खाण्यातून येत असेल तर ऋतूप्रमाणे बदलणारच.

पेशी पुण्याच्या एनसीसीएस या पेशी-संशोधन संस्थेतून घे. शेजारच्या प्रयोगशाळेतल्या हातोहात आलेल्या नकोत, त्यांची ओळख पटलेली नसते. निरोगी पेशींची एक ताटली कायम सोबत लाव.

आणि ओकाडाइक आम्लाची तपासणी करून घे. हे मला कुणी सांगितलं नव्हतं. पाण्यात काही सूक्ष्म शेवाळं वाढली की त्यांचं हे विष शिनाण्यांत साठतं, माणसाला जुलाब होतात. ताटलीत ते कॅन्सरच्या पेशी अतिशय उत्तम मारतं. तुला वाटेल शोध लागला. आणि हेच विष प्राण्यांच्या कातडीवर पुन्हा पुन्हा लावलं की गाठी वाढायला मदत करतं! एकाच पदार्थात दोन्ही. कॅडमियमसारखे जड धातूही शिनाण्यांत साठतात आणि पेशी मारतात, तेही मोजून घे.

परिणाम नाही दिसला तर नाही दिसला असं लिही. माझा नकारात्मक प्रबंध ग्रंथालयात आहे, आणि मागच्या वर्षी एका मुलीने तो वाचून आपला वेळ वाचवला असं तिने मला स्वतः सांगितलं.

---

दुसरंवर्ष

वहीत उतरवून घेतलं. पुढच्या अमावस्येच्या ओहोटीला जातेय.

---

रात्रपाळी

अवांतर नाही, पण राहून गेलं म्हणून. कवचवाल्या प्राण्यातून आलेलं एक औषध कॅन्सरच्या रुग्णांना उपयोगी पडतं, पण गाठीवर नाही, वेदनेवर. झिकोनोटाइड. शंकूच्या आकाराच्या शंखातल्या गोगलगायीच्या विषावरून बनवलेलं, २००४ मध्ये अमेरिकेत मान्य झालं. मणक्यातल्या द्रवात पंपाने द्यावं लागतं. मॉर्फिननेही थांबत नाहीत अशा वेदनांसाठी. मी ते दिलेलं नाही, वाचलंय. पण ज्या रात्री मॉर्फिन पुरत नाही त्या रात्री मी ज्या खोल्यांमध्ये उभी राहिले आहे, तिथून ते वाचताना फार वेगळं वाटलं.

---

सुकतीवरचा

खाडीकाठची, मग मासेवालीला काय सांगितलंत शेवटी?

---

खाडीकाठची

आज सकाळी आली होती. मी म्हटलं, मावशी, रश्श्याने कॅन्सर जात नाही. पण तुमच्या तिसऱ्यांच्या भाऊबंदांमधून एक औषध झालंय, त्याला चाळीस वर्षं लागली.

ती थोडा वेळ गप्प बसली. मग म्हणाली, तिच्या वाडीतल्या एकीने डॉक्टर सोडून रस्सा धरलाय, तिला मी सांगू काय येऊन? मी शनिवारी जाते आहे. रात्रपाळी ताई, तुम्हाला जमलं तर त्या दिवशी फोनवर राहाल का?

---

रात्रपाळी

शनिवारी दिवसा मोकळी आहे. नंबर निरोपात पाठवते. त्यांचे रिपोर्ट असतील तर हाताशी ठेवायला सांगा, आणि शेवटचा केमो कधी झाला ते विचारून ठेवा.